टेम्पोच्या पायलटवर भरलेला खटला

प्राचार्यांचं बोलावणं आलं तेव्हा मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, संभाव्यता शिकवत होते. फळ्यावर सहा बाजूंचा एक फासा काढलेला होता. तास अर्धवट सोडून त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बसा म्हटलं, पंखा एक आकडा वाढवला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही रविवारी घरी फासे खेळता असं कानावर आलंय."

"खेळते, सर."

"माणसं जमतात म्हणे. बाहेरगावची. पुरुष."

"तिघं जमतात. त्यातली एक बाई आहे, आणि ती वकील आहे."

ते हसले नाहीत. टेबलावर एक कोरा कागद होता तो त्यांनी माझ्याकडं सरकवला. "पुन्हा खेळणार नाही एवढं लिहून द्या. विषय संपला. मुलं आहेत, पालक आहेत, फासे म्हटल्यावर लोक एकच अर्थ घेतात."

माझ्या पर्समध्ये वीस बाजूंचा फासा असायचा. तो काढून मी त्या कोऱ्या कागदावर ठेवला. म्हटलं, "सर, यात पैसे नाहीत. आम्ही गोष्ट खेळतो. आणि लिहून मी देणार नाही." त्यांनी एकदा त्या फाशाकडं बघितलं आणि ते म्हणाले, "बरं, या तुम्ही."

बाहेर आले तर नोटीस बोर्डापाशी दोघी-तिघी उभ्या होत्या. परीक्षा समितीची नवी यादी लागली होती. पाच वर्षं त्या समितीचं काम मी बघत होते, आणि आता यादीत मी नव्हते. यादी सकाळीच लागली होती. म्हणजे मला आत बोलावलं त्याच्या आधीच सगळं ठरलेलं होतं. मी वर्गात परत गेले आणि फळ्यावरचा फासा पुसून वीस बाजूंचा काढला.

आता या खेळाबद्दल सांगायला हवं. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, कुणी जिंकत नाही. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपापल्या माणसाच्या वतीनं बोलतात. जिथं नशिबाचा प्रश्न येतो तिथं फासा टाकायचा. गोष्ट चालवणारी मी. आमची गोष्ट अजून काही शतकांनी घडते, ताऱ्यांच्या मधल्या अंधारात, जहाजांच्या एका लष्करी ताफ्यात. पुण्याच्या काही मंडळींशी मी ऑनलाइन बोलले होते. ते सगळं इंग्रजीत खेळायचे. मराठीत अवकाशयुद्ध म्हणजे बालनाट्य वाटेल, असं त्यांच्यातला एकजण म्हणाला. त्याच आठवड्यात मी इंग्रजी नियमांची वही मराठीत उतरवायला घेतली. एअरलॉकला मी हवाकुलूप असा शब्द केला होता. तो माझ्या चुलतभावानं पहिल्याच दिवशी हाणून पाडला. "आक्का, निपाणीच्या गॅरेजमधी जे म्हणतील तेच म्हण. एअरलॉक. उगंच जीव नगो खाऊ."

हा चुलतभाऊ निपाणीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दर रविवारी सकाळची बस धरून बेळगावला यायचा. उसाचा हंगाम असला की संकेश्वरच्या अलीकडं ट्रॅक्टरांमागं अडकायचा आणि उशिरा येऊन आधी पाणी मागायचा. खेळात तो एक बाई होता, मालवाहू जहाजाची पायलट. जहाजाचं नाव त्यानंच ठेवलं, टेम्पो. पायलट बर्फाच्या खाणीत वाढलेली, शिक्षण कमी, तोंड सैल.

दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घरात तीन पिढ्या वकिली. खेळात ती टेम्पोची मेकॅनिक होती, कारण "एक दिवस तरी हाताला कागद लागू नये" असं तिचं म्हणणं.

तिसरे आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. त्यांची मुलगी माझ्याकडं गणित शिकली, म्हणून ते मला टीचर म्हणायचे. एका रविवारी आमच्या माडीवरचा आरडाओरडा ऐकून ते तक्रार करायला आले. त्या वेळी माझा चुलतभाऊ उभा राहून जहाजांना हुकूम सोडत होता. आप्पा दारात थांबून ऐकत राहिले आणि म्हणाले, "आसा हुकूम देत न्हाईत. आधी कुणाला ते सांगायचं, मग काय करायचं ते. मग गप्प बसायचं." मी खुर्ची पुढं केली. पुढच्या रविवारपासून ते आमच्या ताफ्याचे कप्तान झाले. माझा नवरा रविवारी खानापूरकडं शेतावर जातो. तो निघाला की माडी आमची.

वर्षभर सगळं नीट चाललं होतं. मग बर्फाच्या चंद्राचा रविवार आला.

त्या चंद्रावर खाणकामगारांची वस्ती होती. शत्रूची जहाजं अचानक आली. आप्पांच्या कप्तानानं हुकूम दिला, सगळ्यांनी ताबडतोब सुटायचं. टेम्पो खाली धक्क्यावर होता आणि चाळीसएक कामगार त्याच्या दाराकडं धावत येत होते.

"आप्पा, माणसं दिसालीत मला," चुलतभाऊ म्हणाला. "दार कसं लावू?"

"हुकूम हाय. सुटा."

"आप्पा, बायका हाईत त्यात."

आप्पा खाली बघत, अगदी हळू म्हणाले, "तुझं तू बघ."

टेम्पो थांबला. फासे चांगले पडले, कामगार सगळे आत आले, जहाज सुटलं. पण त्याच्या राखणीला थांबलेली एक छोटी नाव शत्रूच्या तावडीत सापडली. तिच्यावर आठजण होते. मी त्या आठांची नावं वहीत लिहून ठेवली होती, ती एकेक करून वाचली. आप्पांनी चहा घेतला नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "आठ माणसं गेल्यावर लष्कर गप्प बसत न्हाय, टीचर. खटला व्हनार."

प्राचार्यांनी बोलावलं ते त्याच आठवड्यात. त्यामुळं खटल्याची तयारी मी रागात केली. पायलटवर हुकूम मोडल्याचा आरोप, तीन न्यायाधीश, तिन्ही मीच. निकालही लिहून ठेवला: दोषी, रवानगी तुरुंगाच्या चंद्रावर. त्यापुढचे चार रविवार तुरुंगातून सुटकेचे, त्याची आठ पानं तयार. कोर्टं अशीच असतात, आधी यादी लागते आणि मग आत बोलावतात, हे मला दाखवून द्यायचं होतं. ते कुणाला दाखवायचं होतं याचा मी विचार केला नव्हता.

खटल्याच्या पहिल्या रविवारी मी टेबलावर गडद निळी चादर अंथरली. वकील मैत्रिणीला सांगितलं, मेकॅनिक म्हणून तू पायलटच्या बाजूनं उभं राहायचंस. ती हसली, "म्हणजे सुट्टीच्या दिवशीही सुटका नाही." मग मी उठून उभी राहिले आणि आरोपपत्र वाचलं. भारदस्त वाटावं म्हणून ते मी सरकारी परिपत्रकाच्या मराठीत लिहिलं होतं. सदरहू वैमानिकेने वरिष्ठांच्या निर्गमनविषयक आज्ञेचे हेतुपुरस्सर अनुपालन न केल्याने, असं एक अख्खं पान.

"आरोप मान्य आहे की अमान्य?" मी विचारलं.

चुलतभावानं हाताची घडी घातली. "काय म्हणालासा ते कळलं न्हाय."

"आरोपीनं कोर्टाची थट्टा करू नये."

"थट्टा न्हाय. पायलट खाणीत वाढलीया. तिला ही भाषा येत न्हाय. तिच्या भाषेत सांगा."

"ताफ्यात एकच भाषा चालते," मी न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाले.

"मग पायलट बोलणार न्हाय."

मला वाटलं दोन मिनिटांत हसेल. तो हसला नाही. मी कोर्टाच्या अवमानाची धमकी दिली. म्हणाला, "घाला." मी त्याच्या जहाजाचा परवाना काढून घेते म्हटलं. म्हणाला, "घ्या." अर्धा तास असा गेला. शेवटी मी मैत्रिणीला म्हटलं, तुझ्या अशिलाला समजाव.

ती आत्तापर्यंत खेळाच्या आवाजात बोलत होती. आता तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली. "मी रोज कोर्टात उभी राहते. कन्नडमध्ये युक्तिवाद करते, ते मला चांगलं जमतं आणि आवडतंही. भाषेशी माझं काही भांडण नाही. पण माझा अशील मागं उभा असतो आणि माझ्या कोटाला धरून विचारतो, बाई, काय म्हणाले हो? दर दोन मिनिटांनी विचारतो. त्याच्या शेताबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि तेवढं त्यालाच कळत नसतं. मी कानात सांगते. मी सांगते तेवढंच त्याला कळतं." मग तिनं माझीच जुनी वही उघडली. पहिल्या महिन्यात मी हौसेनं ताफ्याची घटना लिहिली होती. तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "कलम नऊ. आरोपीला आरोप समजला पाहिजे. अक्षर तुझंच आहे."

मला माघार घ्यावी लागली. कागद खाली ठेवला आणि साध्या बोलण्यात सांगायला गेले, "तुला कप्तानानं सुट म्हटलं. तू सुटली न्हाईस. तू थांबलीस म्हणून ती नाव थांबली. आठ माणसं गेली."

परिपत्रकाच्या भाषेत वाचताना मला काही झालं नव्हतं. हे बोलताना मात्र न्यायाधीशाचा आवाज काढायचं राहून गेलं. चुलतभावाच्या हाताची घडी सुटली. तो मान वर करून म्हणाला, "व्हय. सुटले न्हाय. त्या आठांचं मला रोज आठवतंय. पण ह्याला गुन्हा म्हणायचं आसंल तर तुमी म्हणा. मी म्हणणार न्हाय."

इतका चांगला खेळ आमच्या माडीवर त्याआधी झाला नव्हता. मी खुशीत चहा टाकायला खाली गेले. परत येते तो आप्पा टेबलापाशी उभे. कपांना जागा करायला त्यांनी माझी वही उचलली होती आणि ती उघडीच होती. वर ठळक अक्षरात लिहिलेलं: तुरुंगाचा चंद्र, पहिला दिवस. पायलटला बेड्या घालून उतरवतात.

"टीचर, खटला आजून चाललाय न्हवं?"

"आप्पा, गोष्ट पुढं न्यायची तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात."

"मग ही पायलट पोरगी मघाशी कशाला बोलली?"

आप्पांनी वही मिटून जागेवर ठेवली, चपला घातल्या. "आसल्या कोर्टात मी एकदा बसलोय. परत बसणार न्हाय." ते जिना उतरून गेले. "अगं, तूपण?" एवढंच मैत्रीण म्हणाली. चुलतभाऊ बस धरायला गेला.

तीन दिवस मी चिडलेली होते. खेळ आहे, एवढं काय, असं भाजी चिरताना स्वतःशीच बोलत होते. यादी लागली होती त्या सकाळचं आठवलं की मात्र पुढं बोलता येईना. गुरुवारी कॉलेजातून येताना थेट आप्पांच्या दारात गेले. ते अंगणात कढीपत्त्याच्या आळ्यातलं गवत काढत होते. मी पायरीवर बसले. माफी मागायला म्हणून तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि गवत काढता काढता बोलायला लागले.

पलटण कुठली, ठाणं कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते नुकतेच नायब सुभेदार झाले होते. त्यांच्या हाताखालचा एक जवान रजेवर गेला आणि पंचवीस दिवस उशिरा परतला. गावाकडं आई आजारी होती. त्यानं बूथवरून फोन केला होता, रजा वाढवून पाहिजे म्हणून. तो फोन आप्पांनीच घेतला होता. वरच्याला सांगितलं, वरचा बरं म्हणाला, आणि ते कागदावर कुठं आलंच नाही.

"खटला उभा राहिला. साहेब खुर्चीत. बाजूला मी आणि आणखी एकजण, हजर म्हणून बसवलेलो. बसायचं, बोलायचं न्हाय. तसा कायदाच हाय. जवान खाली बघून म्हणाला, गुन्हा कबूल. त्याला कुणीतरी तसं म्हणायला सांगितलं आसंल. पंधरा मिन्टात सगळं झालं. टीचर, निकालाचा कागद आदल्या दिवशीच टाईप झालता. मी बघितलता."

"तुम्हाला बोलायचा अधिकार नव्हता, आप्पा."

"त्या खोलीत न्हवता. आदल्या दिवशी व्हता. सकाळी व्हता. मेसमधी व्हता." त्यांनी मुळाची माती झटकली. "नवी पट्टी लागलीती खांद्यावर. वरच्याचं नाव घ्यायला नको वाटलं. त्याला नोकरीतनं काढून घरी पाठवला. मी पुढं सुभेदार झालो."

गवताचा ढीग बाजूला सारून म्हणाले, "तुमच्या माडीवर कप्तान व्हायला मजा वाटालती. त्या रविवारी 'तुझं तू बघ' म्हणालो, ते ध्यानात हाय न्हवं तुमच्या? कुणी विचारलंच न्हाय मला ते. विचारतील म्हणून बसलोतो."

खरंच, मी कप्तानाची साक्षच लिहिली नव्हती. निकाल ठरलेला असल्यावर साक्षीला काय करायचं होतं मला?

घरी येऊन वहीतून ती आठ पानं फाडली. रविवारी सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवतो, त्यात घातली. मग आप्पांच्या दारात जाऊन सांगितलं, "पानं जाळली. पुढं काय होणार ते मलाही ठाऊक नाही. याल का?" ते शर्ट घालूनच बसले होते.

खटल्याच्या या दुसऱ्या रविवारी टेबलावर चादर नव्हती. मी सगळ्यांना आधीच सांगितलं: न्यायाधीश तिन्ही मीच आहे, पण विचार मोठ्यानं करीन, तुमच्यासमोर. चुकतेय वाटलं तर मध्ये बोला.

मैत्रिणीनं कप्तानाला साक्षीला बोलावलं. आप्पा उठून उभे राहिले. बसून बोललं तरी चालतं म्हटलं, पण ते बसले नाहीत.

"कप्तान, सुटायचा हुकूम दिल्यावर तुम्ही पायलटला आणखी काही म्हणालात का?"

आमच्या नियमांत अशा ठिकाणी फासा असतो. कप्तानाला लपवायचं असेल तर फासा टाकायचा, दहाच्या वर आकडा आला की कोर्ट फसतं. मी आठवण म्हणून फासा आप्पांपुढं सरकवला. त्यांनी तो उचलला, बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"फासा कशाला? मी बोललोय ते बोललोय. हुकूम दिला सुटा म्हणून. तिनं माणसं दिसालीत म्हटलं. मला तवा हुकूम परत घ्यायचा व्हता आणि घेतला आसं म्हणवून घ्यायचं न्हवतं. म्हणून 'तुझं तू बघ' म्हटलं. सगळं तिच्या डोक्यावर टाकून मी मोकळा झालो. राखणीच्या नावंला 'तू सूट' म्हणायचं काम माझं व्हतं, ते मी केलं न्हाय. आठ माणसं माझ्या हिशोबात हाईत. तिच्या न्हाईत."

ते बोलताना त्यांचे हात सावधानमध्ये असल्यासारखे पँटच्या शिवणीला चिकटलेले होते. मी मोठ्यानं विचार करायला लागले. पहिला न्यायाधीश म्हणाला, हुकूम संदिग्ध असेल तर मोडला म्हणता येत नाही. दुसरा म्हणाला, पायलटला हुकूम कळला होता, संदिग्धपणाचा तिनं फायदा घेतला. मैत्रीण मध्ये पडली, आम्ही भांडलो. कुणाची बाजू घ्यावी ते मला तासभर खरंच कळत नव्हतं. तिसऱ्या न्यायाधीशाला मी त्या आठजणांच्या घरच्यांच्या जागी उभं करून बघितलं. त्यांना काय हवं असेल? तुरुंगात एक पायलट, की खरं काय झालं ते? शेवटी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. पायलट निर्दोष. कप्तानाचं जहाज काढून घ्यायचं, पदही.

आप्पांनी मान हलवली. "बरोबर हाय."

"कोर्ट उठलं," मी म्हणाले.

"थांबा," चुलतभाऊ म्हणाला. त्यानं माझ्यासमोरचा कागद ओढून त्यावर ताफ्याचं चिन्ह काढलं, ते फाडून टेबलावर ठेवलं. "हा पायलटचा बिल्ला. खरं बोलणाऱ्या माणसाला पहिली शिक्षा देणाऱ्या ताफ्यात मला ऱ्हायाचं न्हाय."

"तुला सोडलंय रे," मी म्हणाले. "निर्दोष आहेस."

"तुमी सोडलासा. मी तुमाला सोडालोय."

मैत्रिणीनंही मेकॅनिकचा बिल्ला ठेवला. दीड वर्ष मी त्या ताफ्याचे नकाशे काढले होते, सेनापती, मोहिमा, शत्रूच्या राजधानीपर्यंतचा रस्ता. एका दुपारी सगळं निकामी झालं. मी हसायला लागले आणि हसू थांबेचना.

सोमवारी कॉलेजात गेले ती कागद लिहूनच. कोरा कागद माझ्यापुढं सरकवला होता ना, मग लिहिलं: मी दर रविवारी माझ्या घरी मित्रमंडळींसह फाशांचा खेळ खेळते. त्यात पैसे नसतात. मी तो खेळत राहीन. परीक्षा समितीतून मला वगळण्याचं कारण हेच असेल तर तसं लेखी कळवावं. खाली सही. प्राचार्यांच्या हातात न देता क्लार्ककडं दिला. त्यानं वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि इनवर्डचा शिक्का मारून पोच दिली. लेखी उत्तर आजतागायत आलेलं नाही. समितीत मला परत घेतलेलं नाही. स्टाफरूममध्ये एकजण अजून 'काय मॅडम, दान पडलं का' म्हणून विचारतो. मी त्याला रविवारी ये म्हणते. तो येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आप्पा आले नाहीत. दाराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आले ते सगळ्यांच्या आधी. चुलतभाऊ आणि मैत्रीण येऊन बसल्यावर मग त्यांना त्या खटल्यापासून सगळं सांगितलं. त्या जवानाचं गाव संकेश्वरच्या पलीकडं, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. एक कागद लिहून घेऊन ते तिथं गेले होते. फोन आला होता, मी घेतला होता, रजा मागितली होती, सगळं त्यात होतं, सहीनिशी. घर सापडलं. माणूस आता म्हातारा, गिरणी चालवतो. अंगभर पीठ.

"ओळखलं त्यानं. बसा म्हटलं न्हाय. मी सगळं उभ्यानंच सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता कशाला आलासा? त्याचा पोरगा बाहेर आला, तो म्हणाला, कागद फाडून टाका आणि जावा. मी म्हटलं, फाडायचा तर तुमी फाडा, मी ठेवून जाणार. गिरणीच्या कट्ट्यावर ठेवला, वर वजनाचा दगड ठेवला. दुपारच्या गाडीपतोर स्टँडवर बसलो."

"आणि?" चुलतभावानं विचारलं.

"आणि काय. गाडी आली."

त्या माणसानं कागदाचं काय केलं ते आम्हाला अजून माहीत नाही. आप्पांनी खिशातून चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हं, टीचर. मी आता कप्तान न्हाय. मला काय काम हाय ते सांगा."

माझ्याकडं तयार गोष्ट नव्हती. पहिल्यांदाच कोरी वही घेऊन बसले होते. टेम्पोवर तिघं, अंगावर गणवेश नाही, कुठल्याही ताफ्याचं नाव नाही. चुलतभाऊ म्हणाला, आप्पा, रेडिओ तुमी सांभाळा. तासाभरात मी गस्तीचं एक जहाज त्यांच्या वाटेत आणलं, कारण दुसरं काही सुचेना.

"टेम्पो, जिथं आहात तिथं थांबा," मी गस्तीच्या अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले. "ताफ्याचा हुकूम आहे. कागद दाखवा आणि माणसं उतरवा."

आप्पांनी मुठीचा माईक करून तोंडापाशी धरला. आधी त्या जहाजाचं नाव घेतलं, मग आपलं.

"हुकूम ऐकला," ते म्हणाले. "पटला न्हाय."

आणि पायलटनं इंजिन चालू केलं.